केसिंगनं अडवलेलं पाणी: पंचगंगाकाठच्या एका बोअरचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर सोडून पंचगंगा इचलकरंजीकडं निघते, त्या पट्ट्यात नदीच्या दोन्ही अंगांना गाळाची सपाट जमीन आहे. तिथल्या एका कुटुंबाची ही गोष्ट. गाव आणि नावं देत नाही. चार भावांची एकत्र शेती, साताठ एकर ऊस आणि पाऊण एकरावर शेडनेटखाली उसाची रोपवाटिका. को ८६०३२ ची एकडोळा रोपं कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढवायची आणि लागणीच्या हंगामात मागणीप्रमाणं पोचवायची. कारभार थोरल्या भावाचा, त्यांना सगळे तात्या म्हणतात. रोपवाटिका पुतण्या बघतो.

उसाला नदीवरच्या सहकारी उपसा योजनेचं पाणी आहे, पाळीनं मिळतं. उसाचं त्यावर भागतं, कारण आठ-दहा दिवस मागंपुढं झालं तरी ऊस सोसतो. ट्रेमधल्या रोपाला मात्र एप्रिलची एक दुपार कोरडी गेली की पानं वळतात. रोपवाटिकेची गरज दिवसाला वीस हजार लिटर. पाणी थोडं, पण रोज हवं. नदीचं पाणी रोज मिळेल याची खात्री नाही. उन्हाळ्यात पाटबंधारे खात्याची उपसाबंदी लागते. पात्रातलं पाणी उतरलं की त्याला रंग आणि वास येतो. पावसाळ्यात पुराच्या भीतीनं नदीवरच्या मोटारी काढून ठेवाव्या लागतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा या शेडनेटचे नुसते खांब दिसत होते.

म्हणून स्वतःचं बोअर घ्यायचं ठरलं. ठरवण्यात काही चूक नव्हती.

अडचण

मे महिन्यात एजंटमार्फत तमिळनाडूची गाडी आली. त्याआधी पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवली होती. (नदीकाठच्या गाळात पाणाड्या सहसा खोटा ठरत नाही, कारण पाणी जवळजवळ सगळीकडंच असतं. अडचण ते बाहेर काढण्याची असते.) ही गाडी हवेच्या हॅमरची, म्हणजे डीटीएच. कंप्रेसरच्या हवेवर हॅमर दगड फोडतो आणि तीच हवा चुरा वर फेकते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात या यंत्राला तोड नाही, एका दिवसात तीनशे फूट सहज जातं. रीतही ठरलेली: वरची माती असेल तिथवर केसिंग, म्हणजे भोकाची भिंत धरणारा सलग पाइप, टाकायचं आणि खाली दगडात भोक उघडं ठेवायचं.

पहिल्या बोअरला ४० फूट केसिंग टाकलं. गाडीवाल्याच्या अंदाजानं माती तिथं संपली होती. ४४ फुटांवर पाणी उडालं, तेही चांगलं मनगटाएवढं. "तात्या, लागलं की ओ!" म्हणून पोरं गुलाल आणायला पळाली. गुलाल येईतोवर हॅमर अडकला होता. केसिंगच्या खालचे गोटे आणि रेती हवेच्या माऱ्यानं सुटली आणि रॉडभोवती बसली. निम्मी रात्र खटपट करून हॅमर सोडवला, पण रॉड वर घेतले तसं भोक खालून भरत आलं. दोरीला दगड बांधून सोडला तर तो ३८ फुटांवर टेकला, म्हणजे थेट केसिंगच्या आत.

दुसऱ्या दिवशी गाडी पंधरा फूट सरकवून दुसरं बोअर सुरू झालं. आता धोका नको म्हणून केसिंग ५६ फूट, पार कठीण दगडात रुतवून बसवलं. भोक ढासळलं नाही, हॅमरही अडकला नाही. पण पाणीही आलं नाही. दोनशे फुटांपर्यंत कोरडी धूळ. २१० ला तांबड्या गेरूच्या थराजवळ जरा ओल, नंतर करंगळीएवढी धार. तीनशेला थांबले. पाणी चाखलं तर मचूळ. पुतण्यानं रोपवाटिकेतल्या मीटरवर क्षारता मोजली, २.८ (डेसिसायमन प्रति मीटर) आली. एजंटचा सल्ला: "आणि दोनशे मारूया, खाली दुसरी शीर हाय."

तोवर लाखावर रुपये जमिनीत गेले होते. गाडी बांधावर उभी ठेवूनच मला फोन झाला.

चुऱ्याचे ढीग

अशा वेळी मी आधी चुरा मागतो आणि बहुतेक ठिकाणी तो वाहून गेलेला असतो. इथं पुतण्यानं दर दहा फुटांना ओंजळभर चुरा पोत्यावर ओळीनं मांडून फोटो काढले होते. पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

वरचे वीसेक फूट काळी चिकण माती. मग पिवळसर पोयटा, त्यात चुनखडीचे खडे. ३६ फुटांपासून बारीक रेतीमिश्रित गाळ, हाताला रवाळ. ४५ च्या ढिगात बोटाच्या पेरापासून सुपारीपर्यंतचे खडे होते. मी एकेक उचलून पाहिला. एक बाजू ताजी फुटलेली, धारदार, आणि दुसरी बाजू गुळगुळीत, गोल. फुटलेली बाजू हॅमरची आणि गोल बाजू नदीची. काळ्या पाषाणाच्या खड्यांत मधूनच गारगोटीचा तुकडा. म्हणजे हा जुन्या पात्राचा गोट्यांचा थर. ५० ला मऊ मुरूम, ५४ च्या पुढं काळा पाषाण.

कोल्हापूर-सांगलीकडच्या नद्यांच्या गाळाची रचना साधारण अशीच असते. बराचसा गाळ चिकणमाती आणि पोयट्याचा, त्यात पाणी भरपूर पण सोडत नाही. रेती-गोट्यांचे पट्टे पातळ आणि तुटक, बहुधा तळाशी, दगडाच्या डोक्यावर. देणारा थर तोच. इथं तो जेमतेम सहा-सात फूट जाडीचा होता.

आता दोन्ही बोअरचं कोडं सुटतं. पहिल्यात गोटे उघडे राहिले म्हणून ते आत आले. दुसऱ्यात सलग पाइपनं त्यांना बंद केलं, त्यामुळं पाणीही बाहेरच राहिलं. चाळणी हवी तिथं घागर बसवली होती. दुसरं बोअर पाणी असलेल्या थरातूनच खाली गेलं होतं आणि कागदावर 'फेल' झालं होतं.

समोरचे पर्याय

एजंटचा पर्याय, म्हणजे आणखी खोल जाणं, मी पहिल्यांदा बाजूला ठेवला. काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत असतं. पाचशे फुटांवर ते मिळणारच नाही असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण २१० ला जे मिळालं ते मचूळ होतं, त्याखाली गोडं मिळण्याची आशा धरायला काही आधार नव्हता. २.८ क्षारतेचं पाणी मोठा ऊस कसाबसा सोसेल, कोवळ्या रोपाला ते चालत नाही. शिवाय २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरच्या (जवळपास दोनशे फुटांच्या) पुढची विहीर 'खोल विहीर' धरली आहे. तीनशे फुटांवर ती हद्द आधीच ओलांडली होती.

दुसरा पर्याय घरच्यांचा आवडता: आहे त्याच केसिंगला भोकं पाडायची. शेजारच्या शिवारात एकानं पाइप उतरवण्याआधी करवतीनं चिरा पाडून असं केलं होतं. त्याची मोटर मी पाहिली. इंपेलर (मोटरमधली पाणी ढकलणारी चक्रं) रेतीनं घासून वस्तऱ्यासारखे पातळ झालेले, दोन वर्षांत दोनदा बदललेले. चिरेतून पाणी येतं तशी रेतीही येते. रेती येत राहिली की पाइपाभोवती पोकळी होते आणि एके दिवशी वरची माती बसते. स्वस्त होता म्हणून या पर्यायावर बराच वेळ गेला.

तिसरा पर्याय जुना आणि जाणता: बुडकी, म्हणजे नदीकाठची विहीर. काँक्रीटच्या रिंगा आतून उकरत उतरवायच्या. पाणी भरपूर मिळालं असतं आणि दुरुस्ती सोपी. पण पन्नास फूट, त्यातले खालचे तीस पाण्याखाली, आणि तळाला सुटी रेती. पाणी उपसत माणसं आत उतरवायची तर रेती उसळून रिंग तिरकी होण्याची आणि दरड बसण्याची भीती. असे अपघात होतात. आणि पुरात विहीर गाळानं भरते, दर मोठ्या पुरानंतर उपसा आलाच. शंभर एकराची योजना असती तर मी हाच पर्याय सुचवला असता. वीस हजार लिटरसाठी हा उपद्व्याप नको वाटला.

इथं निर्णय खऱ्या अर्थानं वळला. तोवर बोलणं 'किती इंची पाणी' या भाषेत चाललं होतं. वीस हजार लिटर म्हणजे सेकंदाला एक लिटर, साडेपाच-सहा तास. एवढं द्यायला सात फुटांचा गोट्यांचा थर पुरतो, फक्त त्याला नीट चाळणी हवी. तात्यांना हे पटायला वेळ लागला. "तीनशे फुटाला न्हाई लागलं, आन् तुम्ही पन्नासात देतो म्हणता?" लागलं होतं, पहिल्याच दिवशी, गुलाल आणायला पोरं पळाली तेव्हा, एवढंच मी म्हणालो.

मग चौथा पर्याय उरला: मोठ्या व्यासाचं भोक, त्यात जाळीचा पाइप आणि भोवती गोल खड्यांचं वेष्टण. उत्तरेत गंगा-यमुनेच्या गाळात ट्यूबवेल अशाच होतात. आपल्याकडं त्यासाठीचं यंत्र आणि हात, दोन्ही विरळ.

जमिनीचा विद्युत सर्व्हे करायचा का, हाही प्रश्न आला. नको म्हटलं. चिकणमाती आणि खारं पाणी दोन्ही वीज सहज वाहू देतात, सर्व्हेत ती एकमेकांसारखीच दिसतात. आणि पंधरा फुटांवर दोन बोअरचा चुरा समोर होता.

काम

डीटीएचची गाडी परत पाठवली. पुलाच्या पायासाठी माती तपासणारं रोटरी यंत्र एका ठेकेदाराकडं मोकळं होतं, ते ठरवलं. या यंत्रात हवेऐवजी बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचा पातळ चिखल भोकात फिरतो. तो चुरा वर आणतो आणि आपल्या वजनानं भिंतीही धरून ठेवतो. ठेकेदाराची माणसं चिखलात तरबेज होती, पण पाण्यासाठी भोक त्यांनी कधी घेतलं नव्हतं. बेंटोनाइट दाट करून भिंत घट्ट लिंपण्याची त्यांची सवय. पुलाच्या कामात ते गुणाचं, इथं पाण्याचीच वाट बुजवणारं. चिखल शक्य तेवढा पातळ ठेवा, हे दर तासाला सांगावं लागलं.

१२ इंची भोक ५१ फुटांवर, मुरमात फूटभर शिरून थांबवलं. पाइप ६ इंची पीव्हीसी, बोअरच्या पाइपांच्या आयएस १२८१८ या मानकाचा. ४२ ते ४९ फूट जाळी, एक मिलिमीटरच्या चिरांची. खाली दोन फूट सलग तुकडा, बुडाला टोपण, गाळ बसायला. वर सगळं सलग. पाइप भोकाच्या मधोमध राहावा म्हणून जुन्या पाइपाच्या पट्ट्या कापून त्यांचे धनुष्यासारखे बाक स्क्रूनं बसवले. पाइप एका अंगाला टेकला तर त्या अंगाला खडे पोचत नाहीत आणि रेती तिथूनच येते.

खड्यांवर सगळ्यात जास्त डोकं गेलं. घरच्यांनी आधी क्रशरची बारीक खडी आणली होती. ती चपटी, कोनदार आणि धुळीनं माखलेली, म्हणून परत केली. नदीतली गोल रेती आता सहज मिळत नाही. शेवटी पाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांत भरायचे धुतलेले गारगोटीचे दाणे मिळाले, दोन ते चार मिलिमीटरचे, गोणीबंद. उसाच्या शेतात फिल्टरचा माल कशाला, म्हणून दुकानदारानं दोनदा विचारलं.

दाणे एकदम ओतले तर मध्येच अडकून पूल होतो आणि खाली पोकळी राहते. म्हणून पाण्याबरोबर, घमेल्या-घमेल्यानं, चारी बाजूंनी टाकले आणि दर गोणीनंतर वजन बांधलेल्या दोरीनं खोली मोजली. तळापासून ३६ फुटांपर्यंत हिशोबानं साडेसात गोण्या लागायला हव्या होत्या, नऊ लागल्या. गोट्यांच्या थरात भोक जरा फुगलं होतं, तेवढा फरक अपेक्षितच. सात गोण्यांच्या आत काम आटोपलं असतं तर मला झोप लागली नसती.

दाण्यांच्या डोक्यावर तीन फूट बेंटोनाइटच्या गोळ्या, त्यावर जमिनीपर्यंत सिमेंटची लापशी. वरचं पाणी पाइपालगत खाली झिरपू नये म्हणून. जुनी दोन्ही बोअरंही माती आणि सिमेंटनं बुजवायला लावली. तात्या वैतागले: "पैसं मातीत घातलं ते घातलं, आता वरनं सिमेंट बी?" पण तीनशे फुटी बोअर उघडं राहिलं असतं तर पुराचं घाण पाणी खाली जायला ती सरळ वाट होती. शिवाय अर्ध्या उघड्या केसिंगमध्ये पोरं पडल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या आहेत.

मग धुणं. कंप्रेसरची हवा सोडायची, थांबायचं, पुन्हा सोडायची. पाणी जाळीतून आतबाहेर हेलकावत राहिलं की भिंतीवरचा बेंटोनाइट सुटतो आणि जाळीजवळची बारीक रेती निघून जाते. आधी राखाडी पाणी, मग पिवळं. बहुतेक जण इथंच घाई करतात, पाणी जरा निवळलं की मोटर सोडतात. कसोटी साधी आहे: पांढऱ्या बादलीत पाणी घ्यायचं, हातानं गरगर फिरवायचं आणि निवळू द्यायचं. मधोमध रेतीचा ठिपका दिसला तर पुन्हा हवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठिपका दिसेनासा झाला. आक्का, म्हणजे तात्यांच्या मंडळी, शेवटी स्वतः बादली घेऊन बसल्या आणि त्यांनी होकार दिल्यावर कंप्रेसर बंद झाला.

परिणाम

बंद स्थितीत पाणी १९ फुटांवर. सेकंदाला सव्वा लिटरनं पाच तास उपसल्यावर ते २७ फुटांवर येऊन ठरलं. मोटर थांबवल्यावर तासाभरात जवळजवळ जागेवर. क्षारता ०.९, रोपांना चालण्याजोगी.

नायट्रेट मात्र पिण्याच्या पाण्यासाठीच्या लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. चहूबाजूंना ऊस, उसाला युरिया, आणि थर उथळ. पाणी दिसायला इतकं नितळ की घरात प्यायला वापरायची तयारी सुरू होती. उकळूनही नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यानं ते उलट वाढतं. घरात गरोदर सूनबाई होत्या, त्यामुळं मला फार बोलावं लागलं नाही. पिण्याला नळाचंच पाणी राहिलं.

पुढच्या उपसाबंदीत नदी उतरली तशी बोअरमधली पातळीही सहा फुटांनी खाली गेली, पण मोटर चालू राहिली. पावसाळ्याच्या तोंडावर बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढल्यावर ती आणखी थोडी उतरली. हे बोअर नदीपासून सुटं नाही, एवढं यातून घरच्यांनाही कळलं. फरक इतकाच की पाणी रेतीतून गाळून येतं आणि पात्राचा तळ दिसू लागला तरी गोट्यांत साठा राहतो.

पुराचं पाणी त्या वर्षी शेतात कमरेएवढं आलं. पाइप जमिनीपासून चार फूट वर घेतला होता, तोंडावर रबरी गॅस्केटचं टोपण. स्टार्टर खांबावर उंच. टोपणानं काम केलं, पण केबलचा एक जोड खाली राहिला होता, त्यात पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर पन्नासेक ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून बोअरमध्ये सोडली, रात्रभर ठेवली, सकाळी वास जाईपर्यंत पाणी बाहेर सोडलं. ट्रेमध्ये ते पाणी जाऊ दिलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फुटावर दर ठरला की गाडीवाल्याचा फायदा खोलीत असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, करारच तसा असतो. नदीकाठी तरी करारात दोन ओळी हव्यात: गोल खडे किंवा रेती दिसली की काम थांबवून मालकाला विचारायचं, आणि दर पाच फुटांचा चुरा ठेवायचा. दहाऐवजी पाच म्हणतो, कारण सात फुटांचा थर दोन ढिगांच्या मध्ये हरवू शकतो. इथं ४५ चा ढीग बरोबर थरात पडला, हे नशीब.

गाडी बोलावण्याआधी त्याच रोटरी यंत्रानं तीन-चार इंची तपासणी भोक घेतलं असतं तर दोन्ही बोअरचा खर्च वाचला असता.

जाळीच्या लांबीवर माझ्याच ओळखीच्या एका भूवैज्ञानिकाचं मत वेगळं आहे. ३६ ते ४२ च्या बारीक रेतीतही जाळी घ्यायला हवी होती, थोडं पाणी वाढलं असतं, असं ते म्हणतात. वाढलं असतं. पण त्या रेतीला एक मिलिमीटरची चीर मोठी. दोन मापांची जाळी आणि दोन मापांचे दाणे नेमक्या खोलीवर बसवणं पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या हातांकडून अवघड होतं. गरज भागत असताना तो धोका मी पुन्हाही घेणार नाही.

बाजूला एक इंची निरीक्षण पाइप टाकायचा राहून गेला. खर्च नगण्य. आता पातळी मोजायची तर मोटरच्या पाइपालगत दोरी सोडावी लागते आणि ती केबलला गुंतते.

सध्याचा प्रश्न दुसराच आहे. पन्नास फुटांत पाणी लागल्याची बातमी पसरल्यावर लगतच्या तिघांनी तशीच बोअर घ्यायची म्हणून यंत्रवाल्याला गाठलं. त्यातल्या एकाची जागा बांधापासून वीस फुटांवर. थर एकच आणि सात फुटांचा. मे महिन्यात दोन्ही मोटारी एकदम चालल्या तर पातळी जाळीच्या डोक्यापर्यंत यायला वेळ लागणार नाही. तात्यांनी शेजाऱ्याला स्वतंत्र बोअरऐवजी रात्रीचे चार तास पाणी द्यायची तयारी दाखवली आहे, वीजबिल निम्मं-निम्मं. शेजाऱ्यानं अजून होकार दिलेला नाही. सार्वजनिक पाणीपुरवठ्याची विहीर तिथून किती अंतरावर आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन बघायला त्याला सांगितलं आहे, कारण अशा विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवं बोअर घेण्यावरची अट आपल्याला लागू होत नाही, असं तो अजून धरून चालला आहे.